गाडीची वही

जीपची जाहिरात ह्यांनी स्वतःच लिहिली, मोबाईलवर एकेक अक्षर बोटानं दाबत. मी देवापुढं बसले होते. एकशे आठ वेळा रामनाम लिहून झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. माझं लिहून झालं, तरी ओसरीत ह्यांचं चाललेलंच होतं. झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं.

"जिप विकने हाय. येकच मालक. दुधाच्या कामाला व्हती. उजवं दार घासलेलं हाय. पावसात काच गळती. गाडीची वही ठिवलेली हाय, बगुन घ्यावे."

"अहो, जरा शुद्ध करून देऊ का?" मी हळूच विचारलं.

"कावून? कळंना का काई?"

"कळतं. पण परकी माणसं वाचणार…"

"अगं, गाडी इकायचीय, परीक्षेला बसायचं न्हाई," ते हसले आणि पाठवून मोकळे झाले. जुन्या गाड्यांच्या जाहिराती लागतात ते ॲप पुतण्यानं त्यांना लावून दिलं होतं.

ह्यांना अक्षरओळख मीच करून दिलेली. लग्न झालं तेव्हा हे अंगठा उठवायचे. गावात दूध सोसायटी निघाली, जीपवर कॅन न्यायचं काम ह्यांना मिळालं, आणि चिठ्ठ्या लिहाव्या लागणार म्हणून रोज चुलीपुढं बसून मी शिकवलं. तोंडात येतं तसंच कागदावर उतरायचं त्यांच्या. 'साडेच्यार लिटर'. पण आकडा कधी चुकला नाही. अठरा वर्षांत ह्यांच्या चिठ्ठीवर कुणी दूध परत मोजून बघितलं नाही. मेंढरामागं फिरणाऱ्या धुळाजीची कडूबाई, तिला तर वाचताच येत नव्हतं, ती चिठ्ठी पदरात बांधायची आणि म्हणायची, "राधाकिशनभाऊनं लिव्हलंय न्हवं? मग झालं."

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. जनावरं आधी चारा-छावणीला गेली, मग बाजारात. कॅन अर्धे येऊ लागले, मग येईनात, आणि सोसायटीला कुलूप लागलं. आमच्या दावणीला दोन म्हशी उरल्या. ह्यांचा हिशेब सरळ होता. जीप विकली की आषाढापर्यंत चारा-पाणी निघेल, म्हशी जगतील, सोसायटी उघडली की पहिलं दूध आपलं. नाही विकली तर म्हशीही बाजारात, आणि हे पुण्याला. पुतण्यानं तिथं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. ती सोसायटी वेगळी, दुधाची नव्हे, माणसांच्या घरांची.

"मला दुसऱ्याचं गेट राखायला जमायचं न्हाई," हे म्हशींना वैरण टाकताना म्हणायचे. मला नाही, म्हशींना.

जाहिरातीला उत्तरं आली. ह्यांनी ती मला वाचायला दिली, त्यांना भराभर वाचता येत नाही म्हणून. एकानं लिहिलं होतं, 'काका, आधी पहिलीत नाव घाला, मग गाडी विका.' दुसऱ्यानं, 'चोरीची दिसतेय.' तिसऱ्यानं जरा नीट लिहिलं होतं, तेच जास्त लागलं. 'ज्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, त्यानं ऑइल तरी वेळेवर बदललं असेल का?'

"काय म्हनत्यात?" ह्यांनी विचारलं.

"किंमत विचारतात," मी म्हणाले. व्रत धरल्यापासून मी खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

आणि मग सोमवारी पालीच्या अर्जुनरावांचा फोन आला. बीडच्या कोर्टात कारकून होते. गुरुवारी येतो म्हणाले. "बाकी काही नको, वही तेवढी तयार ठेवा."

हे खूश होऊन दोन्ही म्हशी घेऊन छावणीवर गेले, गुरुवारपर्यंत. गाडीचं जे जे काम होईल ते हे लिहून ठेवायचे, ती वही मी काढली.

सोसायटीचं जुनं रजिस्टर होतं ते, कडांना ऑइलची बोटं उमटलेलं. मी शिकवलं तसं प्रत्येक पानावर वर 'श्री'. खाली ह्यांचं. कुठं निळ्या शाईत, कुठं काळ्या, कुठं पेन्सिलीत. 'ऑईल बदल्लं.' 'आज टायर फुटलं. दुद नासलं. लई वाईट वाटलं.' मला ते हसणारे लोक आठवले. कोर्टातला माणूस, रोज कागद वाचणारा, हे वाचणार आणि माझ्या दारात बसून हसणार. माझ्यानं ते सोसवलं नसतं.

मी नवी वही आणली. दोन दिवस, रामनामाचं लिहून झालं की त्याच पेनानं ती सगळी उतरवून काढली, शुद्ध, वळणदार. मध्ये चार पानं इंजिन खोलल्याची होती, मागच्या दुष्काळातली. हे वाचलं तर कोण घेईल, असं मनात आलं. ती गाळली. टायर आणि नासलेलं दूधही गाळलं.

जुन्या वहीचं काय करायचं? पानोपानी 'श्री', कचऱ्यात टाकता येत नाही, चुलीत घालता येत नाही. नामाच्या वह्या भरल्या की आम्ही गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडतो. बुधवारी अमावस्या होती. शेजारच्या मनकर्णेबरोबर राक्षसभुवनच्या घाटावर गेले आणि माझ्या वह्यांबरोबर तीही सोडली. घाटापाशी पाण्याचा डोह तेवढा उरला होता. वही वाहून गेली नाही. चिखलात बसली.

गुरुवारी हे छावणीवरून आले आणि पाठोपाठच अर्जुनराव. सांगायला सवड मिळाली नाही. खरं म्हणजे मीच ती काढली नाही.

अर्जुनराव मोकळा माणूस. पिशवीत नारळ घेऊनच आले होते. "राधाकिशनराव, तुमची जाहिरात कचेरीत सगळ्यांना दाखवली मी. हसले सगळे. मी म्हटलं, हसू नका बे, ह्या माणसाला लपवायचं शिकवलेलंच नाही कुणी. दार घासलंय म्हणून कोण लिहितं?"

हे लाजले. जीप चालू केली. अर्जुनराव कान देऊन ऐकत राहिले. "इंजिन खोललंय ना?"

"व्हय. दोन हजार तेराला. वहीत सगळं हाय. अगं, वही आन."

मी नवी वही दिली. ह्यांनी ती बघितली आणि माझ्याकडं बघितलं. अर्जुनरावांनी पानं उलटली. पुढं, मागं, परत पुढं.

"तेरा सालात तर काहीच नाही हो."

"आसंल. मीच लिव्हलंय."

"हे तुम्ही लिहिलंय? अठरा वर्षं, एकच पेन, एकच शाई?" त्यांचा आवाज बदलला होता. चिडका नव्हता, कचेरीतला होता.

मी दारातून म्हणाले, "भाऊजी, मी उतरवली. अक्षर बरं नव्हतं म्हणून."

"मग जुनी दाखवा ना, वहिनी."

"गंगेत सोडली."

"गंगेत? पाणी कुठंय गंगेत?"

ह्यांनी जीप बंद केली.

"वहिनी, मी रोज असले कागद बघतो. तुम्ही खरंच सांगत असाल. पण मला आता कळायचं कसं?" त्यांनी वही बॉनेटवर ठेवली. नारळ पिशवीतच राहिला. जाताना ह्यांना हात जोडले, तेही वरवर नाही, मनापासून.

मी वाट बघत राहिले, ओरडतील म्हणून. हे बॉनेटला टेकून नवी वही वाचत होते, ओठ हलवत, एकेक शब्द. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लई छान लिव्हलंस." मग आणखी काही पानं उलटली. "टायर फुटल्यालं न्हाई का घेतलं?"

"नाही."

"लई वाईट वाटल्यालं त्या दिशी," ते म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली.

दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. जीप गेवराईच्या भंगारवाल्यानं नेली, वजनावर. पंधरा दिवसांनी म्हशी बाजारात गेल्या. हे पुण्याला गेले.

आता रोज सकाळी फोन येतो. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि नावं लिहावी लागतात. मी विचारलं, जमतंय का लिहायला. म्हणाले, "लिव्हायचं काम दुसऱ्या वॉचमनला दिलंय. मी दांडा वर-खाली करतो."

"अहो, लिहा ना. तुम्हाला येतं."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हितं कोन वळखतंय मला, माजं लिव्हल्यालं खरं धरायला."