अकरा नंबरचा डोस

"काका, मघाशी इंजेक्शन दिलं का हो मी तुम्हाला?"

प्रश्न माझ्याच तोंडून गेला होता. अठ्ठावीस वर्षं नर्सिंग करतेय मी. वॉर्डातल्या पोरी पाठीमागे मला फौजदार म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. आणि आज ही फौजदार पेशंटलाच विचारत होती, मी तुम्हाला इन्सुलिन टोचलं का म्हणून!

अकरा नंबरच्या खाटेवरचे टेलरकाका विचारात पडले. "दिलं की," ते म्हणाले. मग शर्ट वर करून पोटाकडे बघत, "का ते सकाळचं?"

पोटावर टोचल्याच्या दहा-बारा खुणा. ताजी कुठली आणि जुनी कुठली, देवाला ठाऊक.

"तुम्ही पडदा ओढलात तेव्हा मी बाहेर गेले होते," त्यांची बायको म्हणाली. "पण दिलंच असेल. तुम्ही कशाला विसराल?"

झालं होतं ते एवढंच. बारा वाजता, जेवणाआधी, मी सिरिंज भरली. धाकटीने, म्हणजे माझ्याबरोबरच्या नव्या नर्सने, आकडा तपासला आणि ती फोन घ्यायला गेली. मी काकांचा पडदा ओढला. तेवढ्यात नऊ नंबरचे आजोबा खाटेवरून धाडकन खाली आले. मी धावले. रक्त, ड्रेसिंग, त्यांच्या लेकीची रडारड, यात वीस मिनिटं गेली. परत आले तर हातात सिरिंज नाही आणि काकांच्या औषधांच्या कागदावर सही नाही. सिरिंज सुयांच्या डब्यात गेली असणार, पण टोचून की न टोचताच? त्या बंद डब्यात तसल्याच पन्नास सिरिंज होत्या.

सही औषध दिल्यावरच करायची, आधी नाही. रकाना कोरा म्हणजे डोस दिलेला नाही. हे मीच दर वर्षी नव्या पोरींच्या कानीकपाळी ओरडते. त्या हिशेबाने डोस द्यायला हवा होता. पण अंगठ्याला तर दट्ट्या दाबल्याचं स्पष्ट आठवत होतं. काकांनी "आई गं" म्हटलेलंही आठवत होतं. आजचं की कालचं, ते मात्र काही केल्या उमगेना. काका रोजच "आई गं" म्हणतात.

मी धाकटीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"अहो सिस्टर, सही करून टाका ना," ती कुजबुजली. "तुम्ही दिलंच असणार. तुमच्याकडून असं होतं का कधी?"

एरवी असलं बोलणाऱ्या पोरीला मी उभं सोललं असतं. आज गप्प राहिले, कारण पेन माझ्या हातातच होतं आणि मला सही करायची होती. मनापासून करायची होती.

काय करायला हवं ते मला पाठ होतं. दुसऱ्यांदा दिलं आणि पहिलंही गेलेलं असेल, तर साखर इतकी उतरेल की माणूस बोलता बोलता बेशुद्ध पडेल, जिवावर बेतेल. एक डोस चुकला तर साखर चढेल, पण ती उतरवायला वेळ मिळेल. म्हणून शंका असली की द्यायचं नाही. माणसाला जेवायला घालायचं, साखर तपासत राहायचं आणि डॉक्टरला सांगायचं. इतकं सोपं होतं. तरी डॉक्टरांच्या खोलीपर्यंतची तीस पावलं मला जड झाली.

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. दुपारी जेवून उठायची आणि विचारायची, "मी जेवले का गं?" आम्ही हसायचो. मूर्ख होतो आम्ही. आणि मी आत्ता काकांना काय वेगळं विचारलं होतं? का हा नुसता धावपळीचा घोटाळा, कुणाचाही होईल असा? मला खरंच कळत नव्हतं, आणि भीती वाटत होती ती त्याचीच.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. "नक्की नाही आठवत?"

"नाही."

"होतं हो सिस्टर. या वयात..." म्हणून त्यांनी जीभ चावली. रागावले असते तर बरं झालं असतं.

काका अर्धं ताट जेवले. मी समोर उभी राहून आणखी चार घास खायला लावले. दर अर्ध्या तासाला बोट टोचून साखर बघितली. जेवणाआधी दोनशे अडुसष्ट होती. मग दोनशे एकावन्न. मग दोनशे चाळीस.

"म्हणजे दिलं होतं?" मी डॉक्टरांना विचारलं. आवाजातली आशा माझी मलाच ऐकू आली.

"सकाळचा डोसही अंगात आहे आणि जेवण कमी झालंय. यावरून काहीच सांगता येणार नाही. बघत राहायचं."

मी काकूंनाही सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्यांनी ऐकून घेतलं, नवऱ्याचं पांघरूण नीट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून त्या धाकट्या सिस्टरना पाठवाल का? राग मानू नका हं."

"पाठवते," मी म्हटलं. राग कसला मानायचा? मीही तेच म्हटलं असतं.

दोन वाजता पुढच्या पाळीच्या पोरी आल्या. चौघी टेबलाभोवती वह्या उघडून उभ्या राहिल्या. मी खाटेगणिक सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. नऊ नंबर, पडले, कपाळाला तीन टाके. दहा नंबर, उद्या घरी.

"अकरा नंबर. बाराचं इन्सुलिन दिलं की नाही, मला सांगता येत नाही. पुन्हा दिलेलं नाही. डॉक्टरांना माहीत आहे. संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला साखर तपासा, घाम किंवा थरथर दिसली तर लगेच बोलवा."

चारही पेनं थांबली. माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरी त्या. एकीने विचारलं,

"सिस्टर, 'सांगता येत नाही' असंच लिहू?"

"असंच लिही. आणि पुढे माझं नाव घाल."

तिने लिहिलं. बाकीच्यांनीही लिहिलं. कुणी मान वर केली नाही, ते बरंच झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बारा नंबर," मी म्हटलं.