हा शब्द कोणाला माहीत आहे?

दोष तुमचा आहे. वरच्या मजल्यावर बसून तुम्ही फर्मान काढलंत, की पहिल्या तारखेपासून सगळा कारभार किरगीझमध्येच, आणि भाषेच्या परीक्षेत जो नापास होईल त्याची खुर्ची गेली. फर्मान चांगलं होतं. पण ज्या पोरांना तुमच्याच शाळांनी बालवाडीपासून रशियन घोटवलं, ती पोरं आता किरगीझ कुठून आणणार, ते लिहायला तुमच्या कागदावर जागा उरली नाही. शिकवणी दिली नाहीत, धड शब्दकोश दिला नाहीत. भीती तेवढी दिलीत, आणि ती मात्र वेळेवर पोचली.

हे सांगून झालं. आता बेगायमचा दोष. तो तुमच्यावर ढकलता येत नाही. तिने ढकलून पाहिलाय.

बिश्केकच्या एका सरकारी कचेरीत बायकांच्या तक्रारी वाचायचं तिचं काम. वय एकतीस. आई किरगीझ, बाप किरगीझ, आणि ही सख्ख्या आजीशीसुद्धा रशियनमध्ये बोललेली. तिच्या समोरच्याच टेबलावर तोक्तोबुबू एजे बसायच्या. निवृत्तीला टेकलेल्या, डोंगरातल्या, ड्रॉवरमध्ये कायम सुक्या दह्याच्या गोळ्या. सगळी कचेरी त्यांना एजे म्हणायची, थोरली ताई.

"अगं, शब्द अडला तर विचारत जा. दात नाही पडणार तुझे," एजे म्हणायच्या.

तिने एकदा विचारलं होतं. एजे पोट धरून हसल्या. "ऐका रे! घोडीच्या दुधावर वाढलेल्यांची लेक, आणि तिला उंबरठा माहीत नाही!" सगळी खोली हसली. एजेंच्या मनात काही नव्हतं, पुढच्या क्षणी त्यांनी दह्याची गोळीही पुढे केली. पण बेगायमने त्यानंतर कधी तोंड उघडलं नाही.

त्याऐवजी तिने आपल्या ब्राउझरला शब्दार्थाचं एक फुकटचं ॲड-ऑन जोडून घेतलं. शब्दावर दोनदा टिचकी मारली की लहानशी खिडकी उघडायची, आत रशियन अर्थ. जोडताना त्याने विचारलं होतं, की तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानावरचं सगळं मला वाचता येईल, चालेल? बेगायमने 'चालेल' दाबलं. सगळेच दाबतात.

कचेरीतला संगणकवाला मकसात, त्याने सगळ्यांच्या ब्राउझरला आणखी एक ॲड-ऑन बसवलं होतं, पहारेकरी. कोणी आपली माहिती बाहेर ओढायला लागलं की ते अडवायचं, आणि कोपऱ्यात लाल आकडा वाढायचा. "तक्रारी गुप्त असतात, ताई. हे बंद करायचं नाही. कळलं?"

"कळलं रे बाबा. तू काय माझा सासरा आहेस?"

मार्चमध्ये बेगायमच्या नावाने कुमुशायचं पत्र ईमेलवर आलं. चोवीस वर्षांची, आत-बाशी नावाच्या डोंगरी भागातल्या एका गावातली. नवरा मॉस्कोत मजुरीला. सासऱ्यांनी तिचा पासपोर्ट काढून घेतलेला, बाहेर जायची बंदी, रोज मार. 'काल सासऱ्यांनी तोडणीने दार फोडलं. थोरले दीर बाहेर कठीणावर बसून हसत होते. मला आणि माझ्या दोन वर्षांच्या अल्तीनायला इथून काढा. गावात कळू देऊ नका.'

बेगायम 'तोडणी'वर अडली. टिचकी मारली. खिडकी म्हणाली, हा शब्द आमच्याकडे नाही, इतरांना विचारू का? तिने 'विचारा' दाबलं, तर पहारेकरी आडवा आला. हे पान बाहेर पाठवलं जातंय, म्हणाला, थांबवू?

तिने मान वर केली. समोर एजे चहात पाव बुडवत होत्या. दोन हात अंतर. नुसतं 'एजे' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

बेगायमने पहारेकऱ्याला सांगितलं, विश्वासातलं आहे, जाऊ दे.

तीन दिवसांनी खिडकीत घंटी वाजली. तुमच्या प्रश्नाला एकोणीस उत्तरं. ती खूश झाली. उघडलं. वर मोठ्या अक्षरात होतं, 'हा शब्द कोणाला माहीत आहे?' आणि खाली कुमुशायची वाक्यं, दाराचं आणि हसण्याचं, जशीच्या तशी. कोणालाही वाचता येतील अशी.

'कोशात कसा सापडेल? सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. सासऱ्याच्या नावात बाल्ता असणार. म्हणून ती कुऱ्हाडीलाही बाल्ता म्हणत नाही, तोडणी म्हणते.'

'आणि दिराच्या नावात ताश. म्हणून दगडाला कठीण. वा! अशा सुना अजून आहेत म्हणायच्या.'

'दार फोडलं तरी सासऱ्याचं नाव जिभेवर येऊ दिलं नाही. याला म्हणतात वळण.'

'बाल्ताबाय आणि थोरला ताश्तान? हे तर आमच्याच गावचे! पुलापलीकडचं घर. धाकटा मॉस्कोत असतो.'

'म्हणजे ती तक्रार करत्येय? म्हाताऱ्याला सांगितलं का कोणी?'

'सांगितलं.'

हे शेवटचं उत्तर परवाचं होतं.

बेगायमचे कान तापले. आणि तिने पहिलं काय केलं ते ऐका. कुमुशायला फोन नाही केला. तिने खिडकी मिटली, ॲड-ऑन काढून टाकलं आणि ब्राउझरची मागची सगळी नोंद पुसली. मग फोन लावला. बंद होता. पाच वेळा बंद होता.

तेव्हा कुठे ती उठून समोरच्या टेबलापाशी गेली आणि सगळं सांगितलं, अर्धं किरगीझमध्ये, अर्धं रशियनमध्ये. एजे हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या फोनवर ती उत्तरं काढून वाचली, चष्मा उतरवला.

"मी इथेच बसले होते की गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिकडच्या ओळखीच्या फौजदाराला फोन केला. तो घरी जाऊन आला. म्हणाला, सून पळून गेली म्हणतात.

त्या फोनमुळे बातमी वर पोचली, आणि दुपारी तुमचा निरोप आला. लेखी खुलासा हवा, आणि त्यात 'तांत्रिक बिघाड' असं लिहा, म्हणजे कोणाचीच खुर्ची जाणार नाही. बेगायमला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. तिने दोन ओळी लिहिल्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुशाय दारात उभी होती. शेअर टॅक्सीने डोंगर उतरून आलेली, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, डावा हात फडक्यात बांधलेला. एकटी. एजेंनी खुर्ची दिली, चहा ओतला. ती बसली नाही.

"बेगायम एजे कोण?"

"मी."

"ते पत्र मी तुम्हालाच लिहिलं होतं ना?"

"हो."

"मग गावाने कसं वाचलं? सासऱ्यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. फोनवरून. माझीच वाक्यं."

'तांत्रिक बिघाड'चा कागद टेबलावर पडला होता. बेगायमने त्यावर हात ठेवला, मग उचलला आणि फाडला. "एक शब्द मला कळला नाही. समोर विचारायची लाज वाटली, म्हणून यंत्राला विचारला. त्याने सगळ्यांना विचारला. पहारा होता, तो मीच उठवला."

"कुठला शब्द?"

"तोडणी."

कुमुशायने एजेंकडे पाहिलं, मग पुन्हा हिच्याकडे.

"तो तर आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अल्तीनाय त्यांनी ठेवून घेतली. दारातून ओढून घेतली माझ्या हातातून. दोन दिवस झाले. रात्री ती माझा कान धरल्याशिवाय झोपत नाही."

बेगायम खाली बघत होती.

"वर बघा, बेगायम एजे. शब्द कळला ना आता? मग सांगा, माझी पोर कधी आणून देताय? तुम्ही सांगा, नाहीतर तुमच्या वर जे कोणी बसलेत त्यांना इथे खाली बोलवा, ते सांगू देत. उत्तर घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बोला."