कपाळावरचे पाच तारे

“जिनल, तुमच्या दुकानातला लाल फ्रिज आपण चौथीत असल्यापासून तिथंच उभा आहे. मग त्याच्यावर यंदाचं लेबल कसं गं? विचार तुझ्या पप्पांना, हिंमत असेल तर!”

कहकशाँनं शाळेत पैज लावली ती माझ्यावरून. मित्रांनो, तो लाल फ्रिज मीच. मी जुना झालो तो वापरून नव्हे, वाट पाहून.

कारखान्यातून सारंगखेड्याला आलो तेव्हा माझ्या कपाळावरच्या लेबलावर वीजबचतीचे पाच तारे होते, खरे! जिनलचे पप्पा, दुकानाचे मालक शांतिलालशेठ गिऱ्हाइकांना मला अभिमानानं दाखवत. पण माझी किंमत ऐकून लोक दोन ताऱ्यांवाला घेऊन जात. पुढे सरकारनं परीक्षा कठीण केली. कमी वीज खाणारे नवे फ्रिज आले आणि माझे पाच तारे नव्या हिशेबात जेमतेम दोनांच्या लायकीचे उरले. मी तोच होतो, तेवढीच वीज खात होतो. तरी मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर रद्दी रचली.

दोन महिन्यांपूर्वी एक नवा फ्रिज वाटेत चेपला म्हणून परत गेला. त्याचं लेबल शेठनी काढून ठेवलं होतं. “बेटा, तुझा हात हलका आहे. नीट चिकटव,” ते म्हणाले. जिनलनं एकही सुरकुती न पाडता ते मला लावलं आणि शाबासकी मिळवली. ते कसलं लेबल, हे तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं? आता नववीच्या विज्ञानात या ताऱ्यांचा धडा आला.

आणि त्या लेबलामुळं मी गेल्याच आठवड्यात विकला गेलो! यात्रेत लस्सी विकणाऱ्या भिलाकाकांनी बोटानं माझे तारे मोजले होते.

आज संवत्सरीनंतरची, जैनांनी एकमेकांची क्षमा मागायची सकाळ. शेठ येईल त्याला हात जोडत होते, “मिच्छामि दुक्कडं. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा.” मला न्यायला आलेल्या भिलाकाकांनाही त्यांनी हात जोडले.

“तुम्ही मन्हं काय वाईट करं शेठ?” भिलाकाका हसले. “उलट पाच तारासना फ्रिज दिन्हा! लाइटबिल कमी यी. टेम्पो लई येस.”

ते टेम्पो आणायला वळताच जिनलनं पैजेचा प्रश्न विचारला.

“बाजार असाच चालतो,” शेठ पुटपुटले.

“आजच्या दिवशी वाद नको गं,” जिनलची मम्मी तारादेवी म्हणाल्या.

मित्रांनो, वस्तू पुसता, झाकता, जपता. तिच्यावर लिहिलेला शब्दही जपा. मला जुनं म्हणून विका, स्वस्तात विका, भंगारात घाला. पण मला खोटं बोलायला लावू नका. मला तोंड नाही, माझ्या वतीनं कपाळच बोलतं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. जिनलनं लेबलाच्या कोपऱ्यात नख घातलं.

“मम्मी, पप्पा, हे मी चिकटवलंय, मीच काढणार. आणि भिलाकाकांना का काढलं तेही सांगणार. त्यानंतरच मी मिच्छामि दुक्कडं म्हणेन.”