लटारूचं पान

बाबा गेले त्या दिवशी अहेरीच्या चौकात कोणीतरी फटाके फोडले, अन् त्याच दुपारी एटापल्लीकडून ट्रॅक्टर भरभरून माणसं रडत आले. मी दोन्ही ऐकलं. आता सांगा, पोरीनं कोणाले खरं मानावं?

माहा बाप म्हणजे गुणवंतराव वकील. जंगलातल्या कोण्या माणसाले नक्षल्याच्या केसमंधी धरलं की हे उभे. अर्धं गाव म्हणे देवमाणूस, अर्धं म्हणे नक्षल्याचा वकील. त्याच्याच पायी माही जमलेली सोयरिक मोडली, तर हा माणूस मलेच म्हणते, "बरं झालं दामिनी, भित्रे होते." असा राग आला ना बाप्पा! अजून गेला नाई.

त्यायची एक पद्धत होती. तिकडच्या बऱ्याच गावात जेलातून आलेला माणूस जातीबाहेर राह्यते. कोणी त्याच्यासंग एका पानात जेवलं की मंग पंच जेवते, अन् मंग तो परत गावाचा होते. पण पहिला घास घ्याले सारेच भेते. तो घास बाबा घेत. सुटलेल्या माणसाले जेलाच्या दरवाज्यातून सीधा आमच्या घरी आणत, ओट्यावर बसवत, अन् एकाच पत्रावळीत त्याच्यासंग जेवत. वकील जेवला म्हटलं की गाव जेवत होतं. रांधाले कोण? मी. चुलीपाशी बाबा आले की हळूच विचारत होती, "ह्यानं केलं काय हो ते?" बाबा म्हणत, "कोर्टानं सोडलं." बस. त्याच्या पुढं कधी एक शब्द नाई. मले वाटे, ह्यायले सारं माहीत हाये, पोरीले सांगत नाई.

मंग मिथुनचं झालं. माहा भाऊ प्रणित, त्याची बायको चंचल, तिचा हा लहाना भाऊ. पोलिसात होता. रस्त्यावर सुरुंग फुटला. त्याच्या मायले त्याचं तोंड बी पाहू देल्लं नाई, पाह्याले काई उरलंच नव्हतं. त्या केसमंधी लटारू नावाच्या माणसाले धरलं, अन् त्याचं वकीलपत्र कोणं घेतलं? आमच्या बापानं! सख्ख्या सुनेच्या भावाची केस! चंचल दारात उभी राहून म्हणे, "मामाजी, हा माणूस ह्या ओट्यावर जेवला, तर मी ह्या घरचं पाणी पेणार नाई." प्रणित तिले घेऊन चंद्रपूरले गेला. पुढं लटारू सुटला. भाऊ आला नाई. माय आधीच गेली होती, राह्यलो मी अन् बाबा.

आता बाबा बी नाई. तेरवीले प्रणित-चंचल आले, तवा माहा जीव नुसता वरखाली होऊन राह्यला होता. ह्या रिकाम्या घरात मले एकटीले मराचं नव्हतं, एवढंच मनात. हे आले तसे येत राहावं. चंचलनं पाण्याचा गिलास हातात घेतला, अन् पेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पंगत उठली अन् फाटकाशी एक वाळका माणूस दिसला. मागं त्याची बायको सोमारी. कोर्टात पाह्यलेलं तोंड, मी कशी विसरन? धावतच गेली.

"लटारू, आज कायले आला? जा बरं, जा इथून!"

"बाई, वकीलभाऊ गेले," तो म्हणे. "आता माह्यासंग कोण जेवन?"

"काऊन? बाबा जेवले ना तुह्यासंग?" मले वाटलं होतं, चंचलच्या धाकानं बाहेरच कुठी जेवले असतीन.

"नाई जेवले. जेलाच्या दरवाज्यात भेटले. म्हणे, माह्या सुनेचं मन नाई. तिनं हो म्हटलं की बलावतो. तवापासून वाट पाहून राह्यलो. गावाबाहेर झोपडी टाकली. सोमारीले विहिरीवर येऊ देत नाई. माह्या पोरीले पाहाले पाव्हणे आले, ते बी वापस गेले."

म्हणजे बाबानं ऐकलं होतं! जन्मात कोणाचं न ऐकणारा माणूस सुनेचं ऐकला, अन् तिलेच सांगतलं नाई. एक फोन केला असता तर काय बिघडत होतं? असा अकडू बाप कोणाले नोको. तेरवीच्या दिवशी मले त्यायच्या फोटोले जाब विचारावा वाटला.

"हाकल त्याले!" प्रणित ओरडला. पण चंचल त्याच्या बाजूनं पायऱ्या उतरून आली होती. तिनं सारं ऐकलं होतं.

"तू केलं काय?" तिनं लटारूले विचारलं.

"नाई बाई. मी तेंदूपत्त्याच्या फडीवर पुडे मोजत होतो."

"माह्याकडे पाहून सांग."

त्यानं पाह्यलं. "नाई केलं."

ती किती वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राह्यली. मंग माह्याकडे वळली. "मले नाई समजत, ताई. तुम्हाले समजते काय?"

"नाई," मी म्हटलं.

"मामाजीले समजत होतं काय?"

तवा माह्या डोक्यात लख्ख झालं. कोर्टानं सोडलं, कोर्टानं सोडलं. काई लपवत नव्हते ते! बाबाले बी माहीत नव्हतं. आजपावतो ओट्यावर बसवलेल्या कोणाचंच माहीत नव्हतं. माहीत नसतानाच ते जेवत होते.

चंचल आत गेली. मले वाटलं, बॅग आणाले गेली. ती बॅग घेऊन आलीच, पण दुसऱ्या हातात वाढलेली पत्रावळ होती. ती तिनं ओट्यावर ठेवली.

"मी हो म्हटलं," ती म्हणे, "पण माह्यानं पाहावणार नाई. तुम्ही बसा. अन् मले आता बलावू नोका."

ती गाडीत जाऊन बसली. प्रणित फाटकापावतो गेला, अन् वळून माह्यापाशी आला. "ताई, आम्ही गेल्यावर उद्या बसशीन तर..." म्हणे. उद्या कायले, मी म्हटलं, आज तेरवी हाये. तो गाडीकडे गेला.

लटारू पत्रावळीपाशी बसला, मी त्याच्यासमोर. मी त्याच्या बोटायकडे पाहून राह्यली. ह्याच बोटायनं त्या सुरुंगाचे वायर जोडले असन काय? नसन काय? देवा, काईच समजत नव्हतं. तिकडे गाडी चालू झाली.

मी पहिला घास घेतला. लटारूनं घेतला. सोमारीनं पदर तोंडाले लावला. गाडीचा आवाज चौकाकडे गेला अन् थांबला नाई. मंग मी दुसरा घास घेतला, काऊन की बाबा कधीच एका घासावर उठत नव्हते.