धुतलेलं मीठ

“आऽबू… आऽबू…” थोरली बहीण उंबऱ्यातून अशी हाक मारायची. तिच्या तोंडून निघणारा तेवढाच एक शब्द. भूक लागली, ऊन आलं, ये गं, जाऊ नको… सगळं त्यातच. गेल्या वर्षी ती गेली. तिच्याशी खुणांनी बोलायला शिकलेले मधल्या बहिणीचे हात आता रोज संध्याकाळी मांडीवर पडून राहत, ऐकणारं कुणी नसलेल्या गाण्यासारखे.

दिवसा मात्र हातांना काम होतं. मिठाच्या कारखान्यात पट्ट्यावरून मीठ सरकायचं, वरून आयोडीनच्या पाण्याचा फवारा पडायचा, आणि पुढे बसून ती चिमूटभर मिठावर औषधाचा थेंब सोडायची. मीठ जांभळं झालं की माल पास.

धाकट्या भावाच्या बायकोला दिवस गेले, तशी ती कारखान्यातलं खडेमीठ घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली. आज तिथल्या बरणीतल्या मिठावरही तिनं सोबत आणलेल्या औषधाचा थेंब टाकला. मीठ पांढरंच राहिलं.

“हे मी आणलेलंच ना गं?”

“तुमचंच की, वन्सं. धुऊन, वाळवून भरलंय. दाताखाली किती कचकच यायची! माझी आईसुद्धा धुतेच.”

“अगं, आयोडीन वरवर बसलेलं असतं. धुतलंस की गेलं मोरीत.”

“मग मोरी बाळसं धरेल,” भावजय हसली.

“पोटातल्या बाळाला लागतं ते.”

“आम्ही सगळी धुतलेल्या मिठावरच वाढलो. ठणठणीत आहोत. तुमच्याकडे तरी कुणाला काय झालं?”

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. लग्न जमवताना त्यानं थोरलीला मावशीकडे ठेवलं होतं. आम्ही दोघंच भावंडं, असं सासरी सांगितलं होतं, आणि मधलीला शपथ घातली होती. नंतरही बहिणींच्या खोलीवर तो एकटाच यायचा. थोरली गेली तेव्हा स्मशानातूनच परस्पर आपल्या घरी परतला. तिच्यासाठी रडायला मधली एकटी उरली.

“ताई, चहा निवतोय,” तो म्हणाला.

भावजयीनं मधलीनं आज आणलेलं मीठ पातेल्यात ओतलं आणि नळाकडे वळली. मधलीनं तिचं मनगट धरलं.

“आम्ही दोघं नव्हतो गं, तिघं होतो. मला मोठी बहीण होती. ती पोटात असताना आईच्या गळ्याला ही एवढी गाठ होती, आणि मिठात तेव्हा कुणी काही घालत नसे. तिला जन्मभर ऐकू आलं नाही, धड बोलता आलं नाही. मी तिला सांभाळलं. आणि तुझ्यापासून लपवलं.”