वापरकर्ती क्रमांक चार

माझा भाचा माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या सामानात चार शर्ट, एक उशी आणि तेवीस प्रकारचे कपड्यांचे चिमटे होते. चिमटे मी मोजले. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला मोजल्याशिवाय राहवत नाही. "एवढे कपडे कुठे आहेत तुझे?" असं विचारलं, तर म्हणाला, "मावशी, हे वापरायचे नाहीत, समजून घ्यायचे आहेत."

तो रोजच्या वापरातल्या वस्तू डिझाइन करतो. घरगुती सामान बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला वर्षभरासाठी घेतलं होतं. वर्ष संपायच्या आत त्याची एक तरी वस्तू बाजारात गेली तर नोकरी पक्की. नाहीतर परत घरी, वडिलांच्या विमा कचेरीत. तिथे त्याच्यासाठी एक खुर्ची आधीपासूनच रिकामी ठेवलेली होती. त्या खुर्चीला तो फार घाबरायचा. कारण विचारलं की सांगायचा, "तिचे हात चुकीच्या उंचीवर आहेत."

सात महिने उलटले होते आणि त्याच्या नावावर एकच वस्तू होती. साबणाची डबी. दिसायला सुरेख, गोट्यासारखी गुळगुळीत, फक्त ती उघडायची कुठून हे कुणाला सापडत नव्हतं. त्याच्या साहेबांनी भर बैठकीत पाच मिनिटं खटपट केली आणि शेवटी टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवून घेतली.

त्याच्या कामाची एक रीत होती. तो कुणाला काही विचारायचा नाही, नुसता बघायचा. बसस्टॉपवर लोक पिशव्या कशा धरतात, छत्री मिटताना कुठलं बोट चिमटतं, चहाचा कप ठेवायच्या आधी जागा कशी चाचपतात. "विचारलं की माणसं खोटं बोलतात, मावशी. हात कधी खोटं बोलत नाहीत," असं तो मला फार गंभीरपणे सांगायचा. मी मान डोलवायची.

बघितलेलं सगळं एका वहीत जायचं. वहीत दोन रकाने. पहिला 'अडचण', दुसरा 'दोष कुणाचा'. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: वस्तूचा. कुणी ओढायचं दार ढकललं, दोष दाराचा. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, दोष चष्म्याचा. माणूस कधी चुकत नाही, चुकते ती वस्तू, अशी त्याची श्रद्धाच होती. मी चाळीस वर्षं मुलांना "चूक तुझी आहे, पुन्हा कर" असं सांगत आले. हा माझ्या वर्गात असता तर त्याने गणितालाच नापास केलं असतं.

तर एरवी त्या वेळी बाहेर असणारा तो एका शनिवारी घरी होता, आणि दुपारी चार वाजता मी कॉफीची बरणी घेऊन दाराबाहेर पडत होते. भाचेसाहेबांनी वहीतून मान वर केली.

"बरणी घेऊन कुठे निघालीस?"

"समोर. घड्याळजींकडून उघडून आणते."

"म्हणजे तुला उघडत नाही?"

"नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली.

इथे मला जरा खरं बोलायला हवं. समोरच्या दारातले घड्याळजी म्हणजे पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलेले गृहस्थ. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. बोलणं अगदी बेताचं. दोन वर्षांपूर्वी मी जिन्यात पडले, मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा एकदा त्यांचं दार वाजवून बरणी उघडून घेतली. "उघडलीच आहे तर अर्धा कप तुम्हीही घ्या," असं मी सहज म्हटलं, आणि त्यांनी आपल्याच ओट्यावर दूध तापत ठेवलं. मनगट सहा आठवड्यांत बरं झालं. बरणी मात्र रोज चार वाजता समोर जात राहिली. ते झाकण काढायचे, कॉफी करायचे, आम्ही तासभर बसायचो. निघताना झाकण तेच लावायचे. "तुमच्याकडून नीट लागत नाही, बाई. वास उडून जातो," असं वर बजावायचे.

माझ्या ओट्याखाली भांडी घासायचा रबरी हातमोजा असतो. तो घातला की कुठलंही झाकण एका हिसक्यात निघतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणसाला थोडी तरी अब्रू हवी.

पुढचे अकरा आठवडे मी अभिनय केला. भाच्याने मोबाइल स्टँडवर लावला, मला खिडकीजवळ बसवलं आणि वहीत लिहिलं, 'वापरकर्ती क्रमांक चार'. पहिल्या तिघी कोण, म्हणून विचारलं. "त्यांची बरणी लगेच उघडली. त्यांचा काही उपयोग झाला नाही," तो म्हणाला. म्हणजे सगळी मदार माझ्यावर. मी झाकण धरायची, दात-ओठ खायची, मान हलवायची. पुढे पुढे मला त्यात रंग चढला. एकदा तर मी "आई गं" म्हणाले. ते त्याने सावकाश चालवून चार वेळा बघितलं आणि त्यावर अर्धं पान लिहिलं.

मन खायला लागलं तेव्हा एकदा मी म्हटलंही, "अरे, इतकं काही अवघड नाहीये रे ते."

"हेच!" तो उडालाच. "सगळे वापरणारे असंच करतात. दोष स्वतःवर ओढून घेतात!"

मी पुन्हा झाकण धरलं आणि दात-ओठ खाल्ले.

मग तो ऑफिसातून एक यंत्र घेऊन आला. खाली बरणी घट्ट धरून ठेवायची जागा, वर काटा. झाकण किती जोरात आवळलंय ते काटा सांगतो. मी नुकतीच समोरून परतले होते. त्याने बरणी यंत्रात बसवली, झाकण फिरवलं आणि काट्याकडे बघतच राहिला. मग मला म्हणाला, "आता तू लाव. जितका जोर असेल तितका लाव." मी जिवाच्या आकांताने लावलं. काटा निम्म्यावरच थांबला. दुकानातून न फोडलेली बरणी आणली, तीही निम्म्यावर.

"दुप्पट!" तो खोलीत येरझारा घालायला लागला. "तुझ्या बरणीचं झाकण नव्या बरणीच्या दुप्पट आवळलेलं आहे. रोज! म्हणजे बरणी आपोआप आवळत जाते, मावशी. दमट हवा, कॉफीची पूड, पत्र्याचं आकसणं... कुणाच्या लक्षातच आलेलं नाही हे!"

त्याने त्यावर चार पानं लिहिली. आकृत्या काढल्या. झाकण कुणीतरी माणसानेही आवळलेलं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. येणार कसं? दोष वस्तूचाच असायचा ना.

मी मात्र काट्याकडे बघत खुर्चीवर बसले. दुप्पट. मला सोंगाची गरज होती, कारण झाकण मला उघडता येत होतं. आणि तो समोरचा माणूस, ज्याने जन्मभर मुंगीएवढे स्क्रू अगदी हव्या तेवढ्याच जोराने बसवले, तो माझं झाकण रोज जीव लावून आवळत होता, मला उद्या पुन्हा यावं लागावं म्हणून. दोन वर्षं मी स्वतःला लबाड समजत होते. लबाड आम्ही दोघंही होतो. मला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. भाच्याला वाटलं, त्याच्या शोधाने मी भारावले. त्याने मला पाणी आणून दिलं.

दोन महिन्यांत त्याची बरणी तयार झाली. तिचं झाकण ठरावीक जोरापलीकडे आवळताच यायचं नाही. 'टक्' असा आवाज यायचा आणि मग ते नुसतं फिरत राहायचं, पैलवानाने लावलं तरी. उघडायला दोन बोटं पुरत. खोटं कशाला बोलू, बरणी सुरेख होती. त्या साबणाच्या डबीपेक्षाही सुरेख, आणि माझ्या मुळावर येणारी.

साहेबांसमोर दाखवायचा दिवस आला तेव्हा मलाही नेलं. लांब टेबल, नऊ माणसं, कागदांवर ती साबणाची डबी. भाचा कोपऱ्यात उभा राहून शर्टाचं बटण पिळत होता. वर्ष संपायला दोन आठवडे उरले होते. मी बरणी हातात घेतली. "मला जुनीही उघडत होती," एवढं एक वाक्य बोलले असते तर माझी चार वाजताची कॉफी वाचली असती, आणि हा त्या चुकीच्या हातांच्या खुर्चीत जाऊन बसला असता. मी त्याच्याकडे बघितलं. मग दोन बोटांनी झाकण फिरवलं.

"आधी काय करायचात?" साहेबांनी विचारलं.

"शेजारी जायचे."

"आणि आता?"

"आता शेजाऱ्यांकडे जावं लागणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा कापला. तो त्यांना फार आवडला. टाळ्या वाजल्या.

नोकरी पक्की झाली. बरणी बाजारात आली आणि तिच्या खोक्यावर माझा फोटो होता, खाली जाड अक्षरात माझं वाक्य: 'आता शेजाऱ्यांकडे जावं लागणार नाही!' उद्गारचिन्ह त्यांच्या पदरचं. मला डझनभर बरण्या फुकट मिळाल्या. एवढ्यावर थांबला असता तर तो माझा भाचा कसला? संध्याकाळी हात झटकत आला आणि म्हणाला, "समोरच्या काकांनाही एक देऊन आलो. बिचाऱ्यांना रोज त्रास व्हायचा ना."

"खोक्यासकट?" मी विचारलं.

"अर्थात. खोकंही मीच डिझाइन केलंय."

"काय म्हणाले?"

"काही नाही. खोकं वाचलं, 'छान' म्हणाले, दार लावलं."

त्यानंतर अकरा दिवस मी चार वाजता माझ्याच घरात कॉफी प्यायले. झाकण दोन बोटांनी निघायचं, टक् करून लागायचं, सगळा कारभार तीन मिनिटांत आटपायचा. पुढची सत्तावन्न मिनिटं काय करायचं ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. सरळ उठून समोर जावं, असं रोज वाटायचं. पण हात हलवत जाऊन म्हणायचं काय? प्रमेयं सिद्ध करून दाखवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि दहा पावलं चालायला एक कारण सुचेना. शिवाय त्या माणसाने माझ्या फोटोखाली माझंच वाक्य वाचलेलं. त्यांचं दारही वाजत नव्हतं. मला त्यांची आठवण यायची, फार यायची. आणि भाच्याचा रागही यायचा, पण तो इतका खुशीत होता की रागवायला तोंड उघडेना.

बाराव्या दिवशी शनिवार होता. चारला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. भाच्याने दार उघडलं. बाहेर घड्याळजी उभे, इस्त्रीचा शर्ट, हातात नवी बरणी, आत गळ्यापर्यंत कॉफी. ते भाच्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

"बाई, हे उघडत नाही."

"शक्यच नाही!" भाचा पांढराफटक पडला. "काका, इकडे द्या. कुठे अडतंय? थांबा, यंत्र आणतो."

"यंत्र राहू दे," मी म्हटलं. वर्गात वापरायचे तोच आवाज निघाला आणि पोरगं जागच्या जागी थांबलं. मी बरणी हातात घेतली. झाकण इतकं सैल होतं की ते पडू नये म्हणून मला ते दाबून धरावं लागलं.

"घट्ट बसलंय," मी म्हटलं. "आत या, बसा. वेळ लागेल."

"मला घाई नाही," ते म्हणाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

भाचा कोपऱ्यात वही घेऊन बसला. त्याची नजर घटकेत माझ्या हातांवर, घटकेत त्यांच्या तोंडावर. मी झाकण धरलं, दात-ओठ खाल्ले, सगळा सराव कामाला आला. मध्येच मी "आई गं" म्हणाले तेव्हा घड्याळजी हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी बायकोबद्दल सांगितलं, मी जिन्यातल्या पडण्याबद्दल सांगितलं, आणि कॉफी माझ्या बरणीतली काढून केली. त्यांची तशीच टेबलावर होती. जाताना त्यांनी ती उचलली आणि विचारलं, "उद्या पुन्हा आणू?"

"आणा," मी म्हटलं.

ते गेल्यावर भाचा वहीत काहीतरी लिहीत, खोडत बसला. मग खाली फिरायला गेला. वही टेबलावर उघडीच होती. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'झाकण उघडायला लागलेला वेळ: एक तास चाळीस मिनिटं. तरी उघडलं नाही.' दुसऱ्या रकान्यात सवयीने 'वस्तूचा' लिहून खोडलं होतं, आणि त्यापुढची जागा कोरी होती. मी कपाटातून माझा जुना लाल पेन काढला. चाळीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नव्हतं ते केलं, कोऱ्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क दिले.