अख्खं हरिण

बुधवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत बंदुका आणि गळ विकणाऱ्या ओलेटा स्टिडमचे हात झळकले. चॅनलवाल्यांनी तोंड धुरकट केलं होतं, आपण किती सभ्य आहोत ते दाखवायला. पण केंटकीच्या डोंगरातल्या पिजन फोर्क गावची माणसं काय नुसती तोंडावरून ओळखतात? डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर ट्रकच्या दारात गेलेलं, मनगटावर वारलेल्या नवऱ्याचं घड्याळ, मागे भिंतीवर गळांच्या पाकिटांत अडकवलेलं चर्चचं कॅलेंडर. बातमी संपायच्या आत गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तिचं नाव घेऊन झालं होतं.

बातमीत ती एकूण अकरा सेकंद होती. हात काउंटरच्या काचेवर पिस्तूल ठेवतात. एका मुलीचा आवाज येतो, "मित्रासाठी हवंय. त्याच्यावर गुन्हा आहे, त्याला कुणी विकत नाही." मग ओलेटाचा आवाज, गोड आणि स्वच्छ, "घेऊन जा, पोरी. कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं." पुढे कोट घातलेल्या शहरी माणसाने मान हलवत सांगितलं, की डोंगरातल्या दुकानांत बंदुका अशा मिळतात.

ओलेटा घेवड्याच्या वाटीत चमचा तसाच सोडून बसून राहिली. शब्द तिचे होते, आवाजही तिचाच. पण ते वाक्य ती केकबद्दल बोलली होती.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी ती मुलगी दुकानात आली, पिस्तूल बघायला मागितलं, ओलेटाने दाखवलं. मित्राचा विषय निघताच तिने ते उचलून कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. दुसऱ्याच्या वतीने बंदूक घेणं हा गुन्हा, हे चौतीस वर्षं त्या काचेमागे बसलेल्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. मुलीला तिथूनच हाकलता आलं असतं. पण तिचे हात थरथरत होते, आणि तो मेला मित्र हिला मारत असणार, असा ओलेटाने तर्क बांधला. थरथर पर्समधल्या छुप्या कॅमेऱ्यापायी होती, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने मुलीला खुर्ची दिली, कॉफी दिली, बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेचा नंबर लिहून दिला. मग सुक्या सफरचंदांच्या थरांचा केक कापला, जो खरं तर तिच्या नणंदेच्या, म्हणजे व्हर्लीनच्या प्रार्थना मंडळासाठी केला होता. मुलीने जरा हसावं म्हणून गावच्या गोष्टी सुरू केल्या, आणि ओलेटाच्या जिभेला हाड आहे असं तिची आईसुद्धा कधी म्हणाली नव्हती. निघताना उरलेला केक तिने थाळीसकट मुलीच्या हातात ठेवला. हा कुणासाठी तरी ठेवलेला दिसतोय, असं मुलगी म्हणाली. त्यावर ओलेटा जे बोलली, ते आता सगळ्या केंटकीने ऐकलं होतं.

सरकारी तपासनीस आले, दोन दिवस कागद चाळले आणि सगळं चोख आहे म्हणून निघून गेले. ही बातमी मात्र कुठल्याच चॅनलला दाखवावीशी वाटली नाही. पुढच्या शुक्रवारी अग्निशमन दलाचा प्रमुख हॉबर्ट कॉम्ब्स दुकानात आला. दर सप्टेंबरात त्याच्या हॉलमध्ये ओलेटा गावच्या मुलांना बंदूक कशी धरायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी धरायची नाही, हे शिकवायची. बत्तीस वर्षं शिकवलं होतं. स्वतःचं मूल नव्हतं; त्या पहिल्या शनिवारची ती वर्षभर वाट बघायची. हॉबर्टने टोपी हातात फिरवत सांगितलं, कमिटीचं म्हणणं पडलं की या वर्षी मावशीने विश्रांती घ्यावी.

"तू माझ्याकडेच शिकलास ना रे?"

"हो, मावशी."

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

हॉबर्टने टोपी डोक्यावर घातली. "माझ्या म्हणण्याला कोण विचारतंय? टीव्हीवर आलंय ते."

व्हर्लीन तर घरचीच. तिचा वहिनीवर पूर्ण विश्वास होता, असं तीच म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, की पराचा कावळा करायलासुद्धा एक पर लागतोच. त्या दिवशी ओलेटा दुकानाला आतून कडी लावून रडली. चौतीस वर्षांत ग्राहकाच्या वेळेत दार बंद करायची ती पहिलीच खेप.

दहा दिवसांनी टपालाने खोकं आलं. आत तिची निळ्या काठाची थाळी. तळाला चिकटपट्टी, पट्टीवर तिच्याच अक्षरात "ओ. स्टिडम", चर्चच्या जेवणात थाळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिकडची प्रत्येक बाई असं नाव चिकटवते. थाळीत रुमालात गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी होती.

"मावशी, माझी आजी तुमच्याहून दोन डोंगर पलीकडची. भांडं रिकामं परत पाठवलं तर ती मला घरात घ्यायची नाही. सगळी सव्वीस मिनिटं यात आहेत. मी चॅनलला होतं तसं दिलं होतं. कात्री दुसऱ्यांनी चालवली, पण मी गप्प बसले, ती चूक माझी. आता मी तिथे काम करत नाही. डेल्सी कॉडिल." खाली फोन नंबर.

कॉम्प्युटर व्हर्लीनकडे होता. दोघी शेजारी शेजारी बसल्या. पिस्तूल कपाटात गेलं, कुलूप खट्कन वाजलं, आणि ओलेटाचा आवाज आला की पोरी, जन्मात पुन्हा असं कुणासाठी करू नकोस. ओलेटाने नणंदेच्या गालाचा मुका घेतला. तिला नाचावंसं वाटत होतं, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

पण फिल्म पुढे चालूच राहिली. नवव्या मिनिटाला पडद्यावरची ओलेटा सांगू लागली, की नणंदेचा केक खायचा तर शेजारी वाहता झरा हवा. व्हर्लीनची मान हळूच वळली. चौदाव्या मिनिटाला तर ओलेटाने स्वतःच डोळे मिटले. एकोणीस वर्षांपूर्वी, धुक्यात, झुडपामागे शिंगं दिसली म्हणून हॉबर्टने तीन गोळ्या झाडल्या होत्या, आणि ते निघालं चर्चच्या अंगणातलं, पाद्री ब्रदर एल्झींचं सिमेंटचं हरिण. हॉबर्टने रडत रडत ते एकट्या ओलेटाला सांगितलं होतं. तिने ते एकोणीस वर्षं पोटात ठेवलं, आणि अनोळखी पोरीपुढे ओकून टाकलं.

"माझा केक कोरडा?" व्हर्लीन म्हणाली. मग माउस हातात घेऊन म्हणाली, "पहिली आठ मिनिटं ठेवू आणि शेवटची दोन. मधलं काढून टाकते. मला येतं कापायला."

मोह झाला, खोटं कशाला सांगा. दहा मिनिटांत नाव धुऊन निघत होतं, नणंद खूश, हॉबर्ट सुखरूप. ओलेटाने पेनड्राइव्ह काढून हातात घेतला.

"मुलांना मी काय शिकवते, व्हर्लीन? नुसती शिंगं दिसली म्हणून चाप ओढायचा नाही. अख्खं हरिण दिसू दे. आणि आता मीच गावाला शिंगं तेवढी दाखवू?"

तिथून ती तडक हॉबर्टकडे गेली. तो पाण्याचे पाइप गुंडाळत होता. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि पेनड्राइव्ह त्याच्या पुढ्यात धरला. "तू नको म्हण, मी हा झऱ्यात टाकते. वर्ग नाही तर नाही."

हॉबर्टने अख्खा पाइप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "अर्धंच बघून मी दोनदा गोळी घातली, मावशी. एकदा सिमेंटवर आणि एकदा तुझ्यावर. लाव ते."

शनिवारी दुपारी हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत होती, म्हणजे गावात घरी कुणी नव्हतं. शटरं खाली ओढली, बंबाच्या अंगावर पांढरी चादर ताणली आणि सव्वीसच्या सव्वीस मिनिटं लावली. कुलपाच्या आवाजाला हॉल शांत झाला. कोरड्या केकच्या वाक्याला हसू फुटलं. हरणाची गोष्ट आली तेव्हा हॉबर्ट आपणहून उठला आणि चादरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला, लाल कानांनी.

ब्रदर एल्झी सावकाश उठले. हातात अर्धा मासा होता. "एकोणीस वर्षं," ते म्हणाले, "मी पलीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या पोरांवर संशय घेतला."

त्यानंतरची पाच मिनिटं कुणाला ऐकूच आली नाहीत. व्हर्लीनला फिल्म मागे न्यावी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि त्यातले दोन संन्यासी तिथेच पंगतीला बसले होते. आता दोघे टक्कल पडलेले बाप होते, आणि ते सगळ्यांत मोठ्याने हसत होते. एल्झींनी शिक्षा सुनावली: नवं हरिण हॉबर्टने आणायचं आणि रविवारी खांद्यावरून चर्चपर्यंत वाहायचं. शेवटी ते वाक्य आलं, घेऊन जा पोरी, कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं, आणि प्रार्थना मंडळातल्या बायकांना कळलं की त्या मंगळवारी आपल्याला नुसती बिस्किटं का मिळाली.

हॉबर्टने सगळ्यांदेखत हॉलची किल्ली ओलेटाच्या हातात दिली. शनिवारी नऊ वाजता, तो म्हणाला, आणि पहिल्या बाकावर मी बसतो. ओलेटाने किल्ली लगेच पर्समध्ये टाकली, कमिटीचं पुन्हा काही म्हणणं पडायच्या आत.

दाराशी एक मुलगी चोरासारखी उभी होती. ओलेटाने फोन करून बोलावलं होतं, पण ती खरंच येईल असं वाटलं नव्हतं. व्हर्लीन तिच्यापुढे आपल्या केकची थाळी घेऊन उभी राहिली आणि एक जाड तुकडा तिच्या हातात दिला.

"खा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. आणि काय ते खरं सांग, काहीएक न कापता."

डेल्सीने घास घेतला. हॉल बघत होता. तिने चावला, बराच वेळ चावला, आणि हात लांब करून ओलेटाचा चहाचा पेला उचलला.

सगळ्यांच्या आधी हसली ती व्हर्लीनच.